दगडरास, दीडशे पावलं उजवीकडे

प्रिय नोनो,

आठ वर्षांनी थोरल्या बहिणीचं पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आधी बातमी ऐक. आपल्या परसात, उघड्यावर, टोमॅटो लाल झाला! लेहच्या खालच्या अंगाला पिकतो ना, अगदी तसा. आणि कोबीवर एक पांढरं फुलपाखरू यायला लागलंय. इतक्या उंचीवर मी ते कधी पाहिलं नव्हतं. कुठून चढून आलं असेल रे? तू शेतकी शिकलास, तुला ठाऊक असेल.

अबा अजून रोज पहाटे खिडकीत बसतात. समोरच्या डोंगराच्या धारेवरच्या दगडराशीमागून सूर्य उगवला की पेरणी पुकारतात. बर्फ आता लवकर वितळतो, रास सरकवली तर पेरणीही लवकर पुकारता येईल, एवढंच तू म्हणाला होतास. त्यावरून केवढं पेटलं! पणजोबांच्या राशीला हात लावणारा माझा मुलगा असला तरी त्याला या घरात जागा नाही, हे अबांचे शब्द मी विसरलेले नाही. तूही विसरला नसशील.

यंदा मी पंधरा दिवस आधीच गुपचूप पेरलं आणि वाफ्यांवर पेंढा पसरला. अबांनी पेरणी पुकारली तेव्हा खाली बोटभर कोंब आले होते! मग काय, बी फेकल्यासारखी रिकामी मूठ उडवत मी वाफ्यांतून फिरले. भिंतीपलीकडे बघते तर शेजारची डोलकरही तेच करतेय, तिचीही मूठ रिकामी. आम्हा दोघींची हसून मुरकुंडी वळली.

परवा तो टोमॅटो अबांपुढे ठेवला. त्यांनी तो हुंगला, सावकाश खाल्ला आणि म्हणाले, "रिकाम्या मुठीतून बरं पीक काढतेस गं. म्हातारा झालोय मी, आंधळा नाही."

काल ते कुणाला न सांगता धारेकडे निघाले. अर्ध्या चढावर गुडघे धरून बसलेले सापडले. मी रागावले, तर म्हणाले, "रास उजवीकडे न्यायची आहे, दीडशे पावलं." गावातल्या कुणाला तरी सांगते म्हटलं, तर खेकसले, "कुणाला तरी नको. ज्यानं सांगितलं होतं त्याला लिही. पहिला दगड त्यानं उचलायचा." म्हणून हे पत्र. झाडावर एक टोमॅटो तुझ्यासाठी ठेवलाय, दंव गोठायला लागायच्या आत ये. अबा आजही खिडकीत बसलेत, पण धारेकडे नाही, रस्त्याकडे तोंड करून.

तुझीच,
आचे यांगडोल