रक्त पातळ करायची गोळी

ता. ६
सांगलीच्या दवाखान्यातनं घरी कोरेगावला आलो. ह्यांच्या पित्ताच्या नळीतला खडा निघाला. तोंडातनं दुर्बीण घालून, नळीचं तोंड जरा कापून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कापलंय तिथनं आठ-दहा दिवसांनीबी रक्त जाऊ शकतं. डांबरासारखी काळी शी झाली की तडक यायचं. हृदयात स्प्रिंग बसवल्यापास्नंची रक्त पातळ करायची गोळी बंद. त्या सांगतील तवाच चालू.

ता. ७
सकाळी डबा घेऊन उसात निघाले. घरात संडास असून. म्हटलं, आजपास्नं हितंच, आन् पाणी टाकायचं न्हाई, मी बघणार.
"वीस वर्षं फौजेत काढली, आता बायको शी तपासणार?"
व्हय, तपासणार. पिवळी. ठीक.

ता. ९
ह्यांनी पाणी टाकलं. म्हणे चुकून. मी ओरडले.

ता. १०
परत पाणी. तोंड पांढरंफटक, पायरी चढताना भिंत धरली. वास आला तसं दार ठोकलं. आवं, कडी काढा. काळीकुट्ट, चिकट. कालपास्नं हाय म्हणे. परत दुर्बीण नको म्हणून लपवलं. वर फौजेतला मैतर फोनवर म्हणाला, गोळी सोडू नको रं, स्प्रिंग तुंबंल. मग दोन दिवस गोळीबी खाल्ली. मला न सांगता.
भांडायला वेळ न्हवता. शेजारच्यांची गाडी काढून सांगलीला निघालो. विट्याच्या पुढं म्हणाले, घाबरू नको. म्हटलं, तुमी गप पडा.

ता. ११
रक्ताच्या तीन पिशव्या. परत दुर्बीण. रक्त येत हुतं तिथं सुई मारली, क्लिपा लावल्या. थांबलं. गोळी खाल्ल्याचं मीच बाईंना सांगितलं. हे भिंतीकडं बघत पडले. लाज वाटली तर वाटू दे.

ता. १३
शी अजून काळसर. बाई म्हणाल्या, जुनं रक्त हाय, निघंल. गोळी लवकर दिली तर परत रक्त, उशीर केला तर हृदयाला धोका. म्हटलं, मग कवा? हृदयाच्या डॉक्टरांना विचारून सांगते म्हणाल्या. आता गोळ्या माझ्या पिशवीत.

ता. १५
शी काल पिवळी झाली. आज बाईंनी सांगितलं, मी माझ्या हातानं गोळी दिली. दिराचा फोन, उसाला तोड आलीय, कवा येताय. म्हटलं, तुमीच उभं राहा, आमी हलत न्हाई.

ता. १६
सकाळी ह्यांनीच हाक मारली. "आगं ये, बघ."
हिरवट का काळी, मला सांगता येईना. ह्यांनाबी न्हाई. मी पाणी टाकू दिलं न्हाई. बाईंना बोलवायला चाललेय.