अल्जीरिया आणि मोरोक्को यांच्यामधलं फाटक एक दिवस उघडून मिळणेबाबत

प्रति,
मा. श्री. अच्युत रिसबूड साहेब,
परराष्ट्र खात्यातील मोठे अधिकारी (सध्या रजेवर),
मुक्काम चार इमली, भोपाळ.

अर्जदार: श्रीमती लीलावती गोविंद खानझोडे, बाग सेवनिया, भोपाळ.

विषय: दोन परक्या देशांच्या भांडणात माझ्या मुलाचा जीव जात असल्याने त्यांची सरहद्द एका दिवसासाठी उघडवून देणेबाबत.

संदर्भ: आपल्या मातोश्रींशी मंगळवारी भजनाच्या वेळी झालेले बोलणे.

महोदय,

१. सविनय अर्ज करते की, मी चौथी पास आहे. अर्जी हिंदीत द्या, असं इथल्या एका बाबूनं मला सांगितलं होतं. भांडायपुरती हिंदी मला येते, पदर पसरायची येत नाही. आपण सुट्टीवर घरी आलात असं आपल्या आईंकडून कळलं, म्हणून मराठीत लिहिते. सुट्टी मोडल्याबद्दल राग मानू नये.

२. माझा मुलगा जयंत आधी गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात फिटर होता. आता अल्जीरियात मगनिया नावाच्या गावी कामाला आहे. तिथे लोखंडी तुळई त्याच्या पायावर पडली. पाय सडत चालला आहे. गुडघ्याखाली कापला नाही तर विष अंगभर जाईल, असं डॉक्टर सांगतात. जयंत सही करत नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. त्याच्या सोबतचा श्रीकांत फोन कानाशी धरतो, तर हा मान फिरवतो. माझाही आवाज ऐकत नाही. "माझं माणूस समोर आल्याशिवाय मला कुणी हात लावायचा नाही," एवढंच बोलला. हा हट्ट त्यानं कुठून घेतला ते विचारू नये. अर्जदार त्याची आईच आहे.

३. त्याचं माणूस जवळच आहे. माझी मुलगी वसुधा नवऱ्याच्या नोकरीमुळे मोरोक्कोत उज्दा गावी असते. उज्दा ते मगनिया म्हणजे आपलं बाग सेवनियाहून ओबेदुल्लागंज समजा. सकाळी वरणभात बांधून निघालं तर निवायच्या आत पोचेल. पण मध्ये सरहद्द आहे आणि ती बंद. व्हिसा मिळाला आहे, मात्र तिसऱ्या देशातून विमानानं फिरून जावं लागतं. वसुधेला आठवा सरत आला, विमानवाले घेत नाहीत. तिची डॉक्टर म्हणते, गाडीनं खुशाल जा. रस्ता आहे, गाडी आहे, जायला मनाई आहे.

४. हे देश भांडले कशावरून, ते मी नात रसिकाकडून वाचून घेतलं. आधी हद्दीवरून लढाई. मग शेजारच्या वाळवंटाचा हक्क कुणाचा यावर बोलणं बंद. पुढे दिलजमाई झाली, येणंजाणं सुरू झालं. मग एका हॉटेलात गोळीबार झाला, त्यावरून एकानं येणाऱ्यांना व्हिसा लावला, तर दुसऱ्यानं सरहद्दच बंद केली. तेव्हा माझा जयंत शाळेत होता. ती अजून बंदच. चार वर्षांपूर्वी उरलेलं बोलणंही तोडलं आणि एक देश दुसऱ्याची विमानं आभाळातून जाऊ देईना. जमीन तर जमीन, आभाळाचीही वाटणी! कोण बरोबर हे ठरवायला मी बसलेली नाही. दोघांकडे शिकलेली माणसं असतील ना?

५. भांडण मला कुणी शिकवू नये. माझी धाकटी जाऊ सिंधू भिंतीला भिंत लावून राहते. सासूबाईंच्या पाटल्यांवरून आमचा अबोला आहे, तो आजही आहे. पण जयंतची बातमी आली त्या दिवशी ती स्वयंपाकघरात शिरली, पोळ्यांचा डबा ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा मीही न बोलता ठेवून आले. आम्ही कडी घातली नव्हती. त्या देशांनाही कुठे गळ्यात पडा म्हणते मी? बोलू नका, बघू नका, कडी तेवढी काढा.

६. एके ठिकाणी दोन्ही देशांच्या मध्ये नुसता ओढा आहे. ताटातूट झालेली माणसं दोन्ही काठांवर येऊन हाका मारतात. वसुधा गेली होती. दादा तिथे नाही हे ठाऊक असून "जयंतदादा, सही कर!" असं पोट धरून ओरडली. पलीकडच्या कुणा बाईला मराठी कुठली कळायला? पण तिनं तोंडाला पदर लावला, असं वसुधा म्हणते. त्यांच्याकडे पदर नसतो, जे काही असतं ते. मी ओरडले वसुधेवर. मग संडासात जाऊन नळ सोडून बसले.

७. तरी विनंती की, आपण दोन्ही सरकारांना लिहावं. वसुधेला एका दिवसासाठी सोडावं. सही झाली की ती परत येईल. भरवसा नसेल तर माझ्या जावयाला ओलीस ठेवा, तो शांत आहे, त्रास देणार नाही. गाडी नको असेल तर ती चालत जाईल. तेही नको असेल तर खाट सरहद्दीवर आणा, तो त्याच्या बाजूला, ही हिच्या बाजूला, मधे शिपाई उभे करा. मी स्वतः गेले असते, पण मला पासपोर्ट नाही, आणि तो निघेपर्यंत विष थांबायचं नाही. श्रीकांत काल म्हणाला, काकू, आता चार दिवस धरा.

८. आता शेवटचं. आधी कुणी नमायचं, यावर अडलं असेल तर मला ठाऊक आहे ते काय असतं. मी जन्मात कुणाची माफी मागितली नाही. नवऱ्याची नाही, सासूची नाही, सिंधूची तर नाहीच. सोबत कागद जोडला आहे. दोघांनीही सांगावं की चूक आमची नव्हती, भोपाळच्या एका म्हातारीची होती. हद्दीचीही माझी, वाळवंटाचीही माझी. मला कबूल आहे.

ताठ मानेची, आज आपल्या पायाशी,
लीलावती गोविंद खानझोडे
(सही)

भोपाळ, दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१) जयंतच्या पायाचा फोटो. आईंसमोर उघडू नये.
२) वसुधेच्या व्हिसाची आणि डॉक्टरच्या चिठ्ठीची झेरॉक्स.
३) माफीनामा, दोन प्रती. वर कागद कोरा आहे, खाली माझी सही आहे. मजकूर त्यांनी त्यांना हवा तो लिहावा.