बाराव्या घड्याळाबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दातांचा डॉक्टर, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाकदपटशा केलेला नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं, त्यात मी बरंच लपवलं होतं.

१. राहतं घर व बँकेतील सर्व ठेवी माझ्या पत्नीच्या. तिच्या पश्चात मुलीच्या. यावर कोणी वाद घालू नये, पत्नीपुढे तो टिकणारही नाही.

२. दवाखान्यातील खुर्ची व अवजारं माझ्या जागी बसणाऱ्या डॉक्टरबाईंना. खुर्चीचं डावं पेडल दोनदा दाबावं लागतं.

३. मेहुण्याने चौदा वर्षांपूर्वी माझं ड्रिल मशीन दोन दिवसांसाठी नेलं. ते मी त्याला याद्वारे देत आहे, म्हणजे निदान दिल्याचं समाधान माझ्या पदरी पडेल.

४. माझ्या संग्रहात बारा महागडी मनगटी घड्याळं आहेत. त्यांच्याविषयी सविस्तर लिहिणं भाग आहे.

माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, बाजारातल्या एका जिन्याखाली काचेच्या कपाटामागे बसून घड्याळं दुरुस्त करतो. आमचे वडील गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. माझं सगळं शिक्षण त्याच्या चिमट्यावर झालं. मी डॉक्टर झालो, घड्याळं घेऊ लागलो, आणि ती दरवर्षी उघडून साफ करायचं काम दादाच करी.

अकरा झाली होती. पेटीतला बारावा कप्पा रिकामा होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. सहा महिने तीन घड्याळांत निवड चालली होती. पत्नी म्हणायची, "मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा इतके हिंडला नाहीत." शेवटी मन बसलं ते साठ वर्षांपूर्वीच्या एका घड्याळावर, पांढऱ्या तबकडीच्या, शर्यतीची वेळ मोजायची दोन बटणं असलेल्या. जुनी उंची घड्याळं विकणाऱ्या एका दुकानात ते होतं. खात्री करून घ्यायला मी दादाला सोबत नेलं.

आत जाड गालिचा होता. दादाने दारातच चपला काढल्या. तिथे कोणी काढत नाही. मला कानकोंडं झालं. दुकानदाराने मखमलीचा ट्रे पुढे केला, दादाच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हे कोण आपले?"

मी म्हणालो, "आमचा कारागीर. माझी घड्याळं साफ करतो."

दादा हसत हसत काही सांगणार होता, तो थांबला. त्याने भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ पाहिलं आणि घड्याळ हळूच खाली ठेवलं. "साहेब," तो मला म्हणाला, "तबकडी नंतर रंगवलेली आहे. आकड्यांच्या कडा फुगल्यात. घेऊ नका."

जन्मल्यापासून त्याने मला छोट्या म्हटलं होतं.

दुकानदार हसला. "आता कारागिराच्या सल्ल्याने घेणार का, डॉक्टर?" आणि मी ते घड्याळ तिथल्या तिथे घेतलं. दोन वर्षांनी मी ते कंपनीकडे तपासायला पाठवलं, तेव्हा पत्र आलं, तबकडी रंगवलेली आहे. ते पत्र मी फाडून टाकलं. दादा घरी येत राहिला, माझ्या आजारपणात उशाशी बसला, पुन्हा छोट्याच म्हणू लागला. दुकानातला विषय त्याने नऊ वर्षांत एकदाही काढला नाही. काढला असता, चार शब्द सुनावले असते, तर मला त्याच्या डोळ्याला डोळा देता आला असता.

ही बाराही घड्याळं मी दादाच्या नावे केली होती. गेल्या मंगळवारी वकीलबाईंच्या कार्यालयात त्याला बोलावून वरचा मजकूर मी स्वतः वाचून दाखवला. दोनदा पाणी प्यावं लागलं.

दादा म्हणाला, "रंगवलेलीच निघाली ना?"

"हो."

"मला ठाऊक होतं." मग म्हणाला, "कारागीर म्हणालास त्याचं काही नाही, तो तर मी आहेच. पण त्याने कोण म्हणून विचारलं होतं, छोट्या. काय करतात ते नव्हतं विचारलं."

दादाने वकीलबाईंकडे वळून विचारलं, "साक्षीदाराच्या सहीखाली काय लिहितात?"

"धंदा, आणि मृत्युपत्र करणाऱ्याशी असलेलं नातं," त्या म्हणाल्या. "पण ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. दिलेलं हातचं जाऊ शकतं."

"मग माझं कलम काढा. मी सही करतो."

"दादा, बारा घड्याळं आहेत ती!"

"साफ मीच केलीत ना? मला माहीत आहे किती आहेत ते."

५. सबब दादाच्या सांगण्यावरून बाराही घड्याळं दुरुस्ती शिकवणाऱ्या शाळेला द्यावीत. शिकणाऱ्यांनी ती खोलावीत आणि पुन्हा जोडावीत. बिघडली तर कोणी रागावू नये.

वाचून, समजून, सर्वांसमक्ष सही केली.

ठिकाण: वकीलबाईंचं कार्यालय, दुसरा मजला
दिनांक: १४ मार्च, सकाळी साडेअकरा

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार १: (सही)
धंदा: वकिली. नातं: नाही.

साक्षीदार २: (सही)
धंदा: घड्याळ दुरुस्ती. नातं: सख्खा थोरला भाऊ.