सरांच्या कॉम्प्युटरवर मराठी

१८ जानेवारी

बस गेली! देवगाव फाट्यावर चहाला उतरलो. तिथं एकजण ट्रॅक्टरचं चाक उघडून बसला होता, ते बघत राहिलो — आणि गाडी डोळ्यादेखत निघाली. पिशवी खांद्याला होती ते बरं. गंगाखेडला कारखान्यावर माझ्या दोस्तानं, दत्तानं, माझ्यासाठी काम बघून ठेवलंय. त्याला फोन केला तर म्हणला, "तू मुंजाजी न्हाईस, तू भोवरा हायस!"

काळीपिवळीनं सेलूपर्यंत आलो. उद्या पुढं.

१९ जानेवारी

पुढं गेलो नाही.

स्टेशनकडं जाताना बोर्ड दिसला — सिद्धोधन टायपिंग क्लास, मराठी-इंग्रजी. खिडकीतून डोकावलो. टाईपरायटर ओळीनं झाकलेले. आणि कोपऱ्यात फडक्याखाली एक जुना घरगुती कॉम्प्युटर! नुसता जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं यंत्र, पडदा म्हणजे घरचा टीव्ही. मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होतो तेव्हा मालकानं असल्याचा फोटो दाखवला होता. खराखुरा कधी बघितला नव्हता.

"क्लास बंद हाय," आतून बाई आल्या. "काय पायजे?"

"ते चालू करून बघू का?" — तोंडातून निघून गेलं!

त्या सुलाबाई, सरांच्या मिसेस. मी काकूच म्हणायलोय. सिद्धोधन सर आत खुर्चीत. दिवाळीनंतर लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणतात समजतं सगळं, जीभ वळत नाही. मान मात्र थांबत नाही. सारखी हलते, आडवी का उभी तेही कळत नाही. मी कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं तर सरांच्या डोळ्यात पाणी.

२२ जानेवारी

अजून सेलूतच. क्लासमध्ये झोपायलोय. काकू दोन्ही वेळ जेवू घालतात, मी पाणी भरतो, दळण आणतो. सरांना खुर्चीतून उचलायला हात लावायला गेलो तर म्हणाल्या, "तू सरक बाजूला. मला सवय हाय."

आज पुण्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला, सुकेशनीताईचा. स्पीकरवर होता, सगळं ऐकू आलं.

"आई, मी पप्पांना व्हिडिओवर विचारलं, येता का म्हणून. मान हलवली त्यांनी. हो म्हणाले."

"मान तर ते मांजरालाबी हलवतात! क्लास सोडून त्यांना करमायचं न्हाई."

"इकडं आल्यावर त्यांना लॅपटॉप घेऊ. मग लिहून सांगतील."

"नेल्यावर विचारून काय फायदा गं?"

ताई पंधरा फेब्रुवारीला गाडी घेऊन येणार. क्लासच्या जागेला गिऱ्हाईकही बघितलंय.

फोन ठेवल्यावर मी सरांकडं बघितलं. मान हलायलीच होती. मला तर सरळ 'नाही' दिसलं.

ज्या माणसानं निम्म्या सेलूला टायपिंग शिकवलं, त्यालाच सांगता येईना! काकूंनी सगळं करून बघितलंय. डाव्या हातात पेन दिला — नुसत्या रेघोट्या. सरांनी पेन फेकला. मोबाईलवर बोट थरथरतं, भलतंच अक्षर उमटतं. टाईपरायटरचं लोखंडी बटण डाव्या बोटानं पूर्ण दबत नाही. पण ह्या कॉम्प्युटरची बटणं लोण्यासारखी आहेत.

ह्यात मराठी घालायचं. पंधरा तारखेच्या आत. ठरलं!

२५ जानेवारी

नवीन टीव्हीला हा कॉम्प्युटर ओळखूच येत नाही. जुना डब्बा टीव्ही पाहिजे. शेजारच्या कुसुमबाईंकडं होता, वर पिठाचा डबा ठेवलेला.

"नेतो म्हणतोस, मग पीठ कुठं ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

शेवटी स्टूल दिलं त्यांना. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. बटण फिरव फिरव फिरवलं — आणि एकदम पांढराशुभ्र पडदा, खाली इंग्रजीत एक ओळ. चालू!! सरांच्या घशातून काहीतरी आवाज आला. काकू चुलीपासून पळत आल्या. त्यांना वाटलं परत अटॅक.

२७ जानेवारी

लिहायचा प्रोग्राम कॅसेटवर असतो. सरांच्या कॅसेटला बुरशी. पण त्याचा आवाज नेटवर मिळाला! होय, आवाजच. प्रोग्राम म्हणजे नुसती किंचाळी — चर्रर्र, टीईई — तो आवाज कॉम्प्युटरला ऐकवायचा, मग तो शिकतो. टेपऐवजी माझा मोबाईल वायरनं जोडला, आवाज फुल्ल. चार मिनिटं श्वास धरून बसलो. संपत आलं, आणि दत्ताचा फोन! रिंग सरळ कॉम्प्युटरच्या कानात. सगळं गेलं.

"येतोस का दुसऱ्याला देऊ काम?"

"दे," म्हणलं.

हातचं काम गेलं. पण मोबाईल फ्लाइट मोडवर टाकला आणि परत लावलं. चढला प्रोग्राम! आता ह्याच्यावर लिहिता येतं. पण इंग्रजी.

३१ जानेवारी

इंग्रजी अक्षरांचे आकार पुसून तिथं आपले घालता येतात. व्हिडिओ बघून शिकलो. एक अक्षर म्हणजे आठ बाय आठ चौकटी. चौकटीच्या वहीत काळं-पांढरं करायचं, प्रत्येक ओळीचा एक आकडा, तसे आठ आकडे टाकायचे. 'क'ला पूर्ण सकाळ गेली. पहिला 'क' बेडकासारखा दिसला.

मग जागा पुरेना. बटणं थोडी, आपली अक्षरं किती! डोकं धरून बसलो. तर सरांनी माझी बाही ओढली. टाईपरायटरजवळ नेलं — म्हणजे काकूंनी खुर्ची ओढत नेलं. सरांनी माझं बोट धरून एक बटण दाबलं. कागदावर अर्धा ख. मग काना. ख पूर्ण! ध तसाच, भ तसाच, श तसाच. ह्यांच्या पूर्ण अक्षराला बटणच नाही, अर्धं मारायचं आणि काना जोडायचा. मी नववीनंतर शाळा सोडली, पण एवढं सोपं मला कुणी सांगितलंच नव्हतं राव.

दुपारी काकू भाकरी थापता थापता बसल्याजागी पेंगल्या. तव्यावरची करपली. "आज पीठच खराब हाय," म्हणाल्या. सर त्यांच्याकडंच बघत होते.

२ फेब्रुवारी

कापसाच्या गाड्या बघायला जिनिंगकडं गेलो, दिवस तिकडंच गेला. काही केलं नाही. काकू रागावल्या नाहीत. ताट झाकून ठेवलं होतं. त्यामुळं जास्त लाज वाटली.

७ फेब्रुवारी

झालं! वेलांट्या-मात्रा अक्षराच्या डोक्यावर चढत नाहीत, शेजारी उभ्या राहतात. पण वाचता येतं. बटणं सगळी टाईपरायटरच्या जागेवर, सरांना शोधायला नको. बंद पडला की हा कॉम्प्युटर सगळं विसरतो, म्हणून अक्षरं मोबाईलवर आवाज करून रेकॉर्डही केली. गाण्यांच्या यादीत आता एक 'मराठी' आहे, लावलं की नुसती किंचाळी!

सरांचा डावा हात बटणांवर ठेवला.  मग एकेक करत उमटलं —

"भ वाकडा आहे."

मी नाचलो! काकू पदर तोंडाला लावून हसायल्या. "तीन महिन्यांनी बोलले, तेबी चूक काढायला!"

९ फेब्रुवारी

आज काकूंनी सरळ विचारलं. "पुण्याला जायचं का न्हाई, एकदाचं सांगा."

सर बसले. घाम आला, तरी थांबले नाहीत. "सुलाला सांग" एवढं उमटलं आणि लाईट गेली! पडदा काळा. संध्याकाळी लाईट आली, सगळं परत चढवलं, पण सर दमून झोपले होते.

काकू म्हणाल्या, "मला म्हाईत हाय पुढचं. सुलाला सांग, मी कुठं जात न्हाई."

मलाही तेच वाटतं. क्लास राहिला तर मीही राहीन म्हणतो. चार पोरं आली तर शिकवता येईल. एका जागी राहावं असं पहिल्यांदाच वाटायलंय.

१० फेब्रुवारी

सरांना ताप. बटणांना हात लावला नाही. काकू रात्रभर जाग्या. सकाळी चौकटीला धरून उभ्या होत्या, बराच वेळ. विचारलं तर म्हणाल्या, "मला काय धाड भरली? चहा टाकते." चहात मीठ पडलं होतं. गुपचूप प्यालो.

१४ फेब्रुवारी

ताप उतरला. दिवसभर टीव्ही, वायरी, सगळं तपासलं. कुसुमबाईंच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढून घेतली, म्हणजे लाईटचा धोका नाही. "पिठाची जागा नेली, टीव्ही नेला, आता करंटबी ने," म्हणाल्या. पण दिला.

काकूंनी सरांना इस्त्रीचा शर्ट घातला. म्हणाल्या, "उद्या पोरीला कळू दे, तिच्या बापाचं मन कुठं हाय."

१५ फेब्रुवारी

सुकेशनीताईच्या समोर सरांनी सगळं एका बैठकीत टाईप केलं. ताईंनी मोठ्यानं वाचलं —

"सुला थकली आहे. ती सांगणार नाही. आम्हाला घेऊन जा."

मला वाटलं आता काकू भांडतील. त्या हळूच टाईपरायटरच्या बाकावर बसल्या, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले, आणि म्हणाल्या —

"व्हय."