हनादीच्या फीसाठी ठेवलेला मळा

मी, नजला फंदी अबू हमदान, वय चौऱ्याहत्तर, राहणार ऐन सफ्रा, शूफचा डोंगर, लेबनॉन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. काळीज थकले आहे, डोके शाबूत आहे. कोणाची जबरदस्ती नाही. उलट हा विषय काढला की मुलगा वजदी उठून जातो. आम्हा द्रूझ पंथाच्या लोकांत कोणाला काय द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि माणूस गेल्यावर त्याचे लिहिलेले चार लोकांत मोठ्याने वाचतात. चार लोकांनी ऐकावे म्हणूनच लिहिते.

कलम १. राहते घर वजदीला. गच्ची गळते, हे त्याला तेरा वर्षे सांगत आहे.

कलम २. बँकेतली ठेव. ती आहे असे बँक म्हणते, पण देशातल्या सगळ्या बँकांसारखी देत नाही. ज्याला मिळेल त्याने घ्यावी. शिवणयंत्र वजदीच्या मुलीला, माझ्या नातीला, हनादीला. ते निदान चालते.

कलम ३. वरच्या टेकडीवरचा ऑलिव्हचा मळा हनादीला, खासगी विद्यापीठाच्या फीसाठी.

तो मळा आता माझा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते.

डॉक्टरकीआधीच्या शिक्षणाला हनादीला सरकारी आणि खासगी अशा दोन्ही विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता. सरकारीत फी नावापुरती, पण वर्षअखेर मोजक्याच मुलांना पुढे घेतात, बाकीच्यांनी घरी जायचे. खासगीत फी डॉलरमध्ये. दीर शफीक म्हणाले, "वहिनी, सरकारीतला प्राध्यापकांचा संप मिटेपर्यंत पोरीला नातवंडं होतील." त्यांचे बोलणे झोंबले, कारण ते खरे होते. मी मळा विकून तिला खासगीत घालायचे ठरवले. हनादीने मान डोलावली.

मग माझ्या काळजाची झडप बिघडली. बैरूतच्या इस्पितळात पडल्या पडल्या मी वजदीच्या नावे मुखत्यारपत्रावर सही केली. घरी आले तर हनादीचे नाव सरकारीत. मला, आजीला, म्हणाली, "तेता, मढं कसं चिरायचं ते दोन्हीकडे सारखंच शिकवतात." मी तिला भित्री म्हणाले आणि महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही.

या हंगामात वजदीने तेलाचा डबा आणला. पहिल्या घासालाच कळले की तेल आपल्या झाडांचे नाही. विचारले तर त्याने भाकरी खाली ठेवली आणि सगळे सांगितले. मळा शफीकना विकून त्या पैशांत माझ्या काळजाला नवी झडप बसवली होती. आणि ठरवले होते हनादीने. बापाला म्हणाली होती, "झाडं माझी फी होती ना? मग ती कुठं भरायची ते मी ठरवणार."

मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी नाही म्हणाले असते, म्हणूनच विचारले नाही. आता ती झडपही धरत नाही. डॉक्टर मला फार तर वसंतापर्यंतचे दिवस देतात. पोरीचे शिक्षण माझ्या छातीत घातले आणि तेही वाया गेले. तिकडे सरकारीत पुन्हा संप आहे. हनादी दुपारभर औषधांच्या दुकानात गोळ्या विकते आणि संध्याकाळी माझे पाय चेपते. मी देवाकडे आता काही मागत नाही.

कलम ४. दीर शफीक यांना काही नाही. मळा त्यांच्याकडे आहेच. हनादी कधी टेकडीवर गेली तर कुंपणाचे दार उघडावे आणि सल्ला देऊ नये.

कलम ५. हे कलम गावचे धर्मगुरू शेख नईम यांनी माझा जीव जाताच हनादीला वाचून दाखवावे. पोरी, त्या दिवशी तुझे वर्ग भरणार असतील तर माझ्याजवळ थांबू नकोस. पहिल्या गाडीने जा आणि पुढच्या बाकावर बस. बायका नावे ठेवतील, ठेवू देत. संप असेल तर माझ्या उशाशी बस.

तू माझ्या उशाशीच बसलेली असशील, असे मला वाटते.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

नजला फंदी अबू हमदान

साक्षीदार: १. शेख नईम झैनुद्दीन २. सलमा कंज, शेजारीण (सही करताना रडली, म्हणून शाई फुटली आहे, खाडाखोड समजू नये)

ऐन सफ्रा, ११ डिसेंबर २०२२