मामाची बोट, पापांची खुर्ची

पुएर्तो कारांदाय,
९ मार्च १९९६

चि. लिदुविनास,
पापांचे उदंड आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. तुझं पत्र आलं नाही की आई माझ्यावर डाफरते, जणू नगराध्यक्ष म्हणून टपालही मीच अडवून ठेवतो.

आता कामाचं. नोव्हेंबरात निवडणूक आहे. माझे गुडघे गेले, मी पुन्हा उभा राहत नाही. खुर्ची तुझी. पक्षात शब्द टाकून ठेवलाय. एवढ्यासाठीच तर तुला मॉन्ट्रियलला व्यापाराचं शिकायला धाडलं! परदेशात शिकलेली पोर म्हटलं की आपली माणसं भाषण सुरू व्हायच्या आत टाळ्या पिटतात. प्रचाराचं सगळं क्रिसांतोमामा बघणार आहे. तू पदवी घे आणि ये.

थंडीत कान झाकत जा.

तुझी वाट बघणारे,
पापा

मॉन्ट्रियल,
२ एप्रिल

ती. पापांस,
हात जोडून आशीर्वाद मागते. वि. वि.

तुमचं पत्र वाचल्यापासून जिवाला स्वस्थता नाही. खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालते. खालच्या मजल्यावरची बाई छताला झाडू ठोकून मला गप्प बसवते.

झालं काय, वर्गात प्रत्येकाला आपल्या गावचा एक धंदा मांडून दाखवायचा होता. मी मोठ्या कौतुकानं मामाची बोट मांडली. नदी ओलांडायला तेवढी एकच, परवाना तुमच्या सहीचा, दुसऱ्या कुणी कधी मागितलाच नाही, असं सांगितलं. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, मागायची मुभा होती का? मी फळ्यावर लिहिलेलं 'कुणी मागितलाच नाही' पुसून टाकलं.

मग एकेक आठवायला लागलं. बोट बंद पडली की शेजारची दोन्या एउलालिया बिचारी धक्क्यावर मंडिओकाच्या कंदांच्या पोत्यांवर बसून राहायची. पलीकडचा बाजार उठून जायचा. मामापुढे कुणी ब्र काढत नसे, कारण मामा म्हणजे तुम्ही.

पापा, मी उभी राहीन. पण त्याआधी बोटीचा परवाना सगळ्यांना खुला करा. कराल ना?

आईला सांगा, टोपी घालते.

तुमची लाडकी (अजून आहे ना?),
लिदू

पुएर्तो कारांदाय,
३० एप्रिल

चि. लिदुविनास, आशीर्वाद.

तुझ्या त्या बाई आपल्या नदीवर कधी आल्या होत्या का? पुरात अख्खी खालची वस्ती फुकट बोटीत घालून कुणी बाहेर काढली? क्रिसांतोनं. माझ्या निवडणुकीत चिखल तुडवत दारोदार कोण हिंडलं? तोच. तुमच्या शाळेत उपकार कुठल्या रकान्यात मांडतात, ते विचारून कळव.

बापाला अटी घालायला शिकलीस, छान. मग उमेदवार क्रिसांतोच. आईनं दोन दिवस चूल पेटवली नाही. भाऊ तिचा, लेकही तिचीच.

कान झाक.

पापा

निकासियाआत्याचं घर,
२२ सप्टेंबर

ती. पापांस, दुरूनच हात जोडते.

पदवी घेऊन आले, पण तुमचं दार बंद, म्हणून आत्याकडे उतरले. तीन गल्ल्यांच्या अंतरावर राहून आपण पत्रं लिहितोय आणि आई पदराआड लपवून ती पोचवतेय. साऱ्या गावाची करमणूक चाललीय.

नगराध्यक्षपदाला उभं करायला आमच्या विरोधी गटाकडे माणूस नाही, तेवढं बळही नाही. मी नगरसभेच्या एका जागेसाठी उभी आहे. शनिवारची सभा तुमच्या कानावर आलीच असेल. मी मतदारांना गिऱ्हाईक म्हणून बसले. शिकले तसं तोंडून निघून गेलं. दोन्या एउलालिया उभी राहून म्हणाली, "पोरी, लहानपणी तुझं नाक मी पुसलंय. मी तुझी शेजारीण. गिऱ्हाईक असेल तुझा मामा!" सगळे पोट धरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जे शिकले ते आपल्या माणसांच्या भाषेत कसं बोलावं, हे मात्र तिकडे कुणी शिकवलं नाही. ते तुम्हाला येतं. पण तुम्ही मामाच्या मंचावर बसलेले असता.

लिदू

पुएर्तो कारांदाय,
३ ऑक्टोबर

चि. लिदूस,

मी विरोधी पक्षाचा आहे हे ध्यानात ठेवून वाच. भाषणात कागद हातात धरू नकोस. माणसं बघ, एकेकाचं नाव घे. आणि उन्हात बोलायला उभी राहण्याआधी गार तेरेरे पीत जा, शेवटी शेवटी तुझा आवाज चिरकतो. तुझ्या सभेला मी धक्क्याच्या भिंतीआड होतो, म्हणून कळलं.

क्रिसांतोला सांगू नकोस.

पापा

निकासियाआत्याचं घर,
२० नोव्हेंबर

ती. पापांस, हात जोडून.

मामा नगराध्यक्ष झाला, त्याचं अभिनंदन. मी नगरसभेत आले, सगळ्यात शेवटची, कशीबशी. बोट त्यानं आता लेकाच्या नावावर केलीय, असं ऐकते. फेब्रुवारीत मी परवान्याचा विषय बैठकीत काढणार. ज्याला बोलायचं असेल त्यानं नाव लावून बोलावं, अशी खुली बैठक मागितलीय.

आई येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी बरोबर करतेय की नुसतं घर मोडतेय, ते कळेनासं झालंय.

लिदू

पुएर्तो कारांदाय,
११ फेब्रुवारी १९९७

चि. लिदूस, अनेक आशीर्वाद.

काल गुडघे दाखवायला पलीकडे निघालो होतो. बोट बंद. खुर्चीवर होतो तेव्हा बोट माझ्यासाठी थांबायची, त्यामुळे हा धक्का असा उन्हात उभं राहून मी कधी बघितलाच नव्हता. क्रिसांतोच्या माणसांनी आपल्या खासगी होडीतून सोडतो म्हणून हाक मारली. तेवढ्यात दोन्या एउलालिया ओरडली, "जा साहेब, जा! तुम्हाला कसली रांग!" लोक हसले. मला जाववेना. थांबलो. तिनंच खोकं उपडं घालून बसायला दिलं.

मी तिला विचारलं, इतकी वर्षं मला कुणी काहीच कसं बोललं नाही? ती म्हणाली, "बायकोच्या भावाची तक्रार नवऱ्याकडे कोण नेणार, डॉन हेनारो?"

बोट आलीच नाही. घरी परत आलो. तेव्हापासून मी अंगणात फेऱ्या मारतोय आणि आई म्हणतेय, एका जागी बसा.

शुक्रवारच्या बैठकीत बोलणाऱ्यांत माझं नाव लाव. मध्येच घुसवू नकोस, नंबराप्रमाणे येऊ दे. क्रिसांतोच्या तोंडावर माझ्यानं काय बोलवेल, ते उभा राहीन तेव्हाच कळेल. तोंडच उघडलं नाही, असंही होईल.

ते काहीही होवो, बैठक संपली की जेवायला घरी ये. दार उघडं ठेवतो.

तुझे,
पापा