कडेचं स्टूल

प्रिय गंधाली,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनच केला असता, पण मुलुंडच्या आपल्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लावायची. माझं व्हॉट्सॲप तू लॅपटॉपला जोडून गेलीस आणि लॅपटॉप आता कायम टीव्हीला जोडलेला असतो. परवा वहिनीच्या बहिणीने मला गुडघ्यांच्या तेलाबद्दल काहीतरी पाठवलं, ते दादाने पडद्यावर बघून मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणून कागद घेतला. बंगळूरला स्पीड पोस्ट वेळेत पोचतं म्हणतात, बघू.

देवव्रतचे आईवडील डब्लिनहून बोरिवलीला परत आले की येत्या रविवारी आपल्याकडे येणार, हे दादाने आपल्या लेकीला सांगितलंच असेल. शुभावहिनीने पडदे धुवायला काढलेत. कांदेपोहे करायचे की साबुदाणावडे, यावर दोघांचं दोन दिवस वाजलं. मी त्यात पडले नाही. माझं मन अजून त्या व्हिडिओ कॉलमध्येच अडकलंय. तू माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसली होतीस, तरी तो अर्धा-पाऊण तास माझा कसा गेला, हे तुला कुणी सांगितलेलं नाही.

त्याआधीचा शुक्रवार आठव. तू लॅपटॉप टीव्हीला जोडलास आणि पडद्याच्या खालचं घड्याळ अर्धंच दिसायला लागलं. मी म्हटलं, टीव्ही बिघडला. तू हसलीस आणि म्हणालीस, 'आत्या, बिघडला नाही गं, हा शहाणा चित्र थोडं ताणून दाखवतो, मग चारी कडा बाहेर जातात.' रिमोट घेऊन तू आत कुठेतरी शिरलीस, 'पिक्चर साइज'मध्ये 'स्क्रीन फिट' केलंस आणि घड्याळ पूर्ण आलं. मी तुझ्याकडून ते दोनदा करून घेतलं आणि शिकले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा, बटणांची भीती मला नाही. शनिवारी दुपारी तुम्ही सगळे साडी घ्यायला गेलात तेव्हा मी त्यावर भरली वांगी बघितली. घड्याळ पूर्ण दिसत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतेय.

रविवारी सकाळी दादाने ठरवलं की मी आत बसावं. तसं तोंडाने म्हणाला नाही, 'सुगंधा, आतल्या खोलीत पंखा बरा आहे,' एवढंच म्हणाला. माझ्या चेहऱ्यावर आणि हातांवर कोड आलं तेव्हा मी दहावीत होते. तेव्हापासून घरात पाहुणे आले की आतल्या खोलीतला पंखा बराच असतो. माझं तर कुठे जमलं नाहीच, पण चुलत बहिणींच्या बघण्याच्या वेळीही मी स्वयंपाकघरात पोहे परतत असायचे, म्हणजे घरात कोड आहे हे कुणाला दिसायला नको. डॉक्टर सांगून थकले की हा रोग लागत नाही. डॉक्टरांच्या मुली कुठे उजवायच्या होत्या. आणि तू, पाच वर्षांची, माझ्या हातावरच्या पांढऱ्या डागांवर वहिनीच्या टिकल्या लावत बसायचीस. झाकायला नाही, तिथे रंग छान उठतो म्हणून.

तर तू अडून बसलीस. आत्या हॉलमध्ये नसेल तर मी कॅमेऱ्यासमोर बसणार नाही म्हणालीस. मग दादाने तोडगा काढला की आत्या हॉलमध्येच बसेल, पण चित्राच्या बाहेर. कॅमेरा सुरू करून तो टीव्हीसमोर उभा राहिला आणि मला स्टुलासकट सरकवायला लागला. 'अजून जरा. अजून. खांदा दिसतोय. हां, आता बास.' टीव्हीतून मी पूर्ण गेले तेव्हा त्याचा चेहरा निवला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तुझं जमावं असं मला दादापेक्षा कमी वाटत नव्हतं.

कॉल सुरू झाला. पडद्यावर देवव्रत आणि त्याचे आईवडील, आपण सगळे कोपऱ्यातल्या लहान चौकोनात. त्याची आई, माधुरीताई, तुझ्या नोकरीचं विचारत होत्या. दादा तुझ्या वतीने उत्तरं देत होता. माझी नजर सहज टीव्हीखालच्या लॅपटॉपवर गेली. तिथेही तोच चौकोन होता. त्यात दादा, वहिनी, तू, आणि अगदी कडेला मी. अर्धा चेहरा, एक खांदा आणि मांडीवर ठेवलेला हात. टीव्हीतल्या चौकोनाची तेवढीच कड कापली गेली होती. म्हणजे डब्लिनला मी दिसत होते. पहिल्यापासून.

गंधाली, उठावं तर स्टूल फरशीवर करकरणार आणि सगळे वळून बघणार. दादाला खुणावावं तर ते खुणावणंही त्यांना दिसणार. हात पदराखाली घेतला, पण चेहरा कशाखाली घेऊ. मागे रेलायला स्टुलाला पाठ नाही. माधुरीताईंची नजर बोलता बोलता सारखी एका बाजूला जात होती आणि परत येत होती. मनात एकच, की माझ्यामुळे हिचं मोडलं तर या घरात मी कोणत्या तोंडाने राहू. दादाने 'आमच्याकडे सगळं अगदी स्वच्छ, लपवाछपवी नाही' असं म्हटलं तेव्हा तर जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. शेवटी माधुरीताई 'कळवतो' म्हणाल्या आणि पडदा निळा झाला. दादाने टाळी वाजवली. तू माझ्याकडे बघून हसलीस आणि त्याच रात्री विमानाने गेलीस.

पुढचे काही दिवस त्यांचा फोन आला नाही. दादा जेवताना घास हातात धरून बसायचा. एकदा म्हणाला, 'आपल्याबद्दल कुणी काही सांगितलं तर नसेल?' म्हणजे माझ्याबद्दल. मी आमटी वाढत होते, वाढत राहिले. मला ठाऊक होतं कुणी सांगितलं नाही, त्यांनी डोळ्यांनी बघितलं. हे मी घरात कुणालाही बोलू शकले नाही.

मग एका दुपारी, घरात कुणी नसताना, मी पुन्हा सगळं मांडलं. स्टूल त्याच फरशीवर ठेवलं, कॅमेरा लावला. लॅपटॉपवर मी होते, टीव्हीत नव्हते. रिमोट घेऊन 'पिक्चर साइज'मध्ये गेले. तिथे 'स्क्रीन फिट' निवडलेलं नव्हतंच, कुणीतरी परत पहिल्यासारखं करून ठेवलं होतं. ते आपोआप झालं असं आधी वाटलं. मग टीव्ही बंद करून चालू केला, वायर काढून परत लावली, मी केलेलं 'स्क्रीन फिट' जागचं हललं नाही. दादाला आवाज कमीजास्त करण्यापलीकडे रिमोट कळत नाही. वहिनी त्याला हात लावत नाही. आणि मला आठवलं, दादा स्टूल सरकवायला लागायच्या आधी आवाज तपासते म्हणून रिमोट घेऊन तू बसली होतीस.

आधी रडू आलं, कारण मी दिसावं असं या घरात वाटणारी तू एकटी. आणि मग तुझा असा राग आला की काय सांगू. ती माणसं कशी आहेत हे तुला बघायचं होतं, बघ ना, तुझा हक्क आहे. पण त्यासाठी तू माझा चेहरा वापरलास. दादाने मला न विचारता लपवलं, तू मला न विचारता दाखवलंस. तो अर्धा-पाऊण तास तू निवांत होतीस, तुला सगळं ठाऊक होतं. घाम मला फुटला होता. तुझ्यावर माझा जीव आहे म्हणून हे स्पष्ट लिहितेय. परत माझ्याशी असं करू नकोस.

आता जे दादाने तुला सांगितलं नाही ते. माधुरीताईंचा फोन आला तेव्हा तो स्पीकरवर होता. मुलगी आवडली, आम्ही येतो, असं म्हणून झाल्यावर त्यांनी विचारलं, 'त्या कडेला बसल्या होत्या त्या कोण? ओळख करून दिली नाहीत.' आवाजात कसलीच खोच नव्हती, मी लोकांचे आवाज ऐकण्यातच पगार मिळवला आहे. दादा म्हणाला, 'त्या होय, त्या आमच्या शेजारच्या.' फोन ठेवल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी वहिनीकडून निरोप आला की रविवारी मी दहिसरला माझ्या मैत्रिणीकडे, कमलकडे, दिवसभर जाऊन यावं. शेजारच्या बाई घरात जेवायला कशा असतील, नाही का. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण मी दहिसरला जाणार नाही, हे माझं ठरलंय. रविवारी बेल वाजली की दार मी उघडेन आणि सांगेन की मी गंधालीची आत्या, सुगंधा. दादा खोटा पडेल. त्यांना माझ्या कोडाचं काही नसलं तरी खोट्याचं वाटू शकेल आणि तुझं मोडूही शकेल. देवव्रतचं नाव निघालं की तू कशी बोलतेस ते मी ऐकलंय. लग्न तुझं आहे. म्हणून रविवारच्या आधी तुला विचारतेय, मी दार उघडू का? तू नको म्हणालीस तर मी दहिसरला जाईन आणि तुझ्यावर रुसणार नाही. फक्त उत्तर व्हॉट्सॲपवर देऊ नकोस, टीव्हीवर दिसेल. आणि अर्धं दिसणार नाही. आता तिथे 'स्क्रीन फिट' आहे आणि ते मी कुणाला बदलू देत नाही.

तुझीच, शेजारची नव्हे,
आत्या